‘पहिली कायमस्वरूपी वसाहत’: एका विशेषणाची लबाडी

१/ अमेरिकेतील ओहायो राज्याच्या इतिहासात एक वाक्य हमखास भेटते: १७८८ साली वसलेले मॅरिएटा ही तेथील पहिली कायमस्वरूपी वसाहत. यातील ‘कायमस्वरूपी’ हे विशेषण दिसते तितके निरुपद्रवी नाही. त्याच्या आड काय दडले आहे, ते याच राज्यातील टस्करावस काउंटीत दिसते.

२/ ३ मे १७७२. मोरेव्हियन मिशनरी डेव्हिड झाइसबर्गर पाच लेनापी कुटुंबांतील २८ जणांसह टस्करावस नदीकाठी आला. तेथे शोनब्रुन हे गाव उभे राहिले: साठहून अधिक लाकडी इमारती, चर्च, शाळा आणि गावाचे नियम. झाइसबर्गरने रचलेले लेनापी भाषेचे बालबोध पुस्तक १७७६ साली छापूनही निघाले.

३/ म्हणजे मॅरिएटाच्या सोळा वर्षे आधी. मग पहिलेपणाचा मान शोनब्रुनला का नाही? उत्तर मिळते: १७७७ मध्ये ते सोडून द्यावे लागले, टिकले नाही. उत्तर खरे, पण अर्धे. लेनापी ख्रिस्ती गावे का टिकली नाहीत, हा प्रश्न ते सोयीस्करपणे टाळते.

४/ अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात हे लोक शस्त्र उचलायला तयार नव्हते. म्हणून दोन्ही बाजूंना संशयास्पद ठरले. १७८१ मध्ये ब्रिटिशांच्या बाजूच्या वायनडॉट योद्ध्यांनी त्यांना बळाने सँडस्की परिसरात नेले. हिवाळ्यात उपासमार झाली, तेव्हा शेतात राहिलेला मका काढायला काही जण परतले.

५/ ८ मार्च १७८२. गाव ग्नाडेनहुटन, जर्मन नावाचा अर्थ ‘कृपेच्या झोपड्या’. पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियाने आधी मत घेतले, मग ९६ निःशस्त्र माणसे मारली: २८ पुरुष, २९ स्त्रिया, ३९ मुले. दोन मुलगे निसटले. एकाही मारेकऱ्याला शिक्षा झाली नाही.

६/ आता ते विशेषण पुन्हा वाचा. टिकणे हा मॅरिएटाचा पराक्रम आणि न टिकणे हा लेनापींचा दोष, असा हिशेब त्यात गृहीत आहे. ज्यांना टिकू दिले नाही, त्यांना ‘तात्पुरते’ म्हणणे म्हणजे हत्येचा निकाल इतिहासाच्या वहीत कायम करणे.

७/ म्हणून शोनब्रुनला ‘पहिले’ म्हणावे का? तेही नाही. मिशनऱ्यांना येथे जागा दिली ती लेनापी प्रमुख नेटावटवीस यांनी. त्यांचे मोठे गाव आजच्या न्यूकमर्सटाउनच्या जागी, याच काउंटीत, आधीपासून नांदत होते. यजमान असल्याखेरीज निमंत्रण कसे येईल?

८/ आपली मराठीही निर्दोष नाही. गोऱ्यांची ती ‘वसाहत’, मूलनिवासींची मात्र ‘वस्ती’ किंवा ‘तळ’, असे आपण सहज लिहितो. आज शोनब्रुनची घरे पुन्हा बांधलेली आहेत आणि ग्नाडेनहुटनला मृतांच्या अस्थींवर मातीचा उंचवटा आहे. स्थानिक इतिहासात ‘पहिले’ हा शब्द दिसला, की पुढचा प्रश्न विचारा: कोणाच्या मोजणीने?