विजेची मोटार स्वस्त, पण कोणाला?



विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा स्वस्त पडते, असा प्रचार जोरात आहे. बंगळूर हे या प्रचाराचे माहेरघर. 'रेवा' ही विजेची छोटी मोटार याच शहरात तयार होऊन २००१ साली बाजारात आली. तेव्हा हिशेबही बंगळूरचाच मांडू.

पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. लिटरला १५ किलोमीटर धरले तर किलोमीटरला सुमारे ७ रुपये पडतात. घरच्या मीटरवर युनिटला ६ रुपये आणि युनिटामागे ६ किलोमीटर धरले, तर विजेचा खर्च १ रुपया. बचत किलोमीटरमागे ६ रुपयांची. येथपर्यंत प्रचार खरा आहे.

पण विजेची लहान मोटार तशाच पेट्रोलच्या मोटारीपेक्षा सुमारे ३ लाखांनी महाग. ते भरून निघायला ५० हजार किलोमीटर धावावे लागेल. रोज ६० किलोमीटर फिरणारा कंपनीतला साहेब ही मजल तीन वर्षांत मारील. रोज २० किलोमीटर जाणाऱ्याला आठ वर्षांहून अधिक लागतील, आणि बॅटरीची हमी साधारण आठच वर्षांची! कर्जाचे व्याज वेगळेच. शिवाय भाड्याच्या खोलीत किंवा क्वार्टरच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने गाडी चार्ज कोठे करावी? बाहेरच्या चार्जिंगचा दर घरापेक्षा चढा.

आता सरकारी औदार्य पाहा. कर्नाटकाने २०१६ मध्ये विजेच्या वाहनांचा रस्ता कर माफ केला. २५ लाखांवरील गाडीवर १० टक्के कर बसायला २०२४ उजाडले. केंद्राने २०१९ मध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला आणि गाडीच्या कर्जावरील दीड लाखापर्यंतच्या व्याजाला प्राप्तिकरात सूट दिली. मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना ती लागू झाली. आणि आम्हाला? पोस्टमन आणि ट्रॅकमन यांचा सायकल भत्ता २०१७ मध्ये महिना ९० वरून १८० रुपये झाला! साहेबाच्या मोटारीला दीड लाखाची सूट, आमच्या सायकलीला १८० रुपये. हा कोणता न्याय?

आम्ही विजेच्या गाडीचे विरोधक नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्ही.टी. ते कुर्ला विजेची पहिली रेल्वे धावली. शंभर वर्षे आम्ही रेल्वे कामगार विजेच्या गाड्या चालवीत आलो. हजारो प्रवासी एका वेळी नेणारी हीच खरी स्वस्त गाडी. बंगळूरच्या १४८ किलोमीटरच्या उपनगरी रेल्वेला २०२० मध्ये मंजुरी मिळाली, २०२२ मध्ये पायाभरणी झाली. जाळे अद्याप पुरे झालेले नाही.

आमची मागणी स्पष्ट आहे. करसवलतीचा पैसा जनतेचा आहे. तो आधी उपनगरी रेल्वे आणि सार्वजनिक बसला द्या. रेल्वेच्या व टपालाच्या क्वार्टरमध्ये चार्जिंगची सोय करा. बीट करणाऱ्या पोस्टमनला विजेची दुचाकी खात्याने द्यावी.

बंधूंनो, हा हिशेब शाखेच्या सभेत मांडा आणि ठराव करून पाठवा. मागितल्याशिवाय आजवर काही मिळालेले नाही!