पिवळा रंग आणि फसवे डोळे

जोसेफ आल्बर्स या जर्मनीत जन्मलेल्या चित्रकाराने १९५० पासून १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘होमेज टू द स्क्वेअर’ ही चित्रमालिका रंगवली. तिच्यात माणसे नाहीत, झाडे नाहीत. एकात एक बसवलेले तीन-चार चौकोन आणि प्रत्येकात एकच सपाट रंग, इतकेच. ‘यात काय मोठे?’ असे कोणालाही वाटेल. पण आल्बर्स यांना दाखवायचे होते ते शेजाऱ्याचे सामर्थ्य. एकाच कागदाचे दोन तुकडे वेगवेगळ्या पार्श्वभूमीवर ठेवून ते दोन निराळ्या रंगांचे भासवा, असा अभ्यास ते विद्यार्थ्यांना देत.

यामागे शरीरशास्त्र आहे. डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांच्याकडून आलेल्या संदेशांची डोळा आणि मेंदू सतत तुलना करत असतात. म्हणूनच पांढरा सदरा उन्हातही पांढरा दिसतो आणि पिवळ्या बल्बखालीही. म्हणूनच गडद पिवळ्याशेजारी फिका पिवळा आणखी फिका वाटतो आणि निळ्याशेजारी तोच उठून दिसतो. थोडक्यात, आपला डोळा रंग मोजत नाही, ताडून पाहतो.

याचा धडा मला बाळंतिणींच्या वॉर्डात मिळाला. काही वर्षांपूर्वी तीन दिवसांचे एक बाळ पिवळ्या दुपट्यात गुंडाळलेले होते, वर पिवळा बल्ब. ‘आमच्याकडची सगळी बाळं अशीच असतात, डॉक्टर,’ आजी म्हणाल्या. मलाही कावीळ किरकोळ वाटली. परिचारिकेने दुपटे काढून बाळाला खिडकीपाशी नेले आणि मी चपापलो. रक्तातील बिलिरुबिन माझ्या अंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले. निळ्या प्रकाशाखालील उपचारांनी बाळ बरे झाले. पण माझा अनुभवावरचा भरवसा त्या दिवशी थोडा कमी झाला.

नवजात बाळांची कावीळ बहुधा निरुपद्रवी असते. मात्र बिलिरुबिन फार वाढले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पूर्ण दिवसांच्या बाळात ते साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असते. नेमकी तेव्हा अनेक बाळे घरी गेलेली असतात. सावळ्या त्वचेवर तर नुसत्या नजरेने अंदाज बांधणे आणखी कठीण.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे : घरी सोडण्यापूर्वी प्रत्येक बाळाचे बिलिरुबिन मोजले जावे. त्वचेवर टेकवून मोजणारे उपकरण प्रत्येक प्रसूतिगृहात असावे आणि त्यात आकडा जास्त दिसला, तर रक्ततपासणी व्हावी. घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत फेरतपासणीही हवी.

पालकांनी बाळाला दिवसाउजेडी, पांढऱ्या कपड्यावर ठेवून पाहावे. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत पोहोचलेला पिवळेपणा, किंवा बाळ सुस्त होऊन दूध ओढेनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ‘कोवळे ऊन दाखवा, जाईल’ म्हणत थांबू नये.

चित्रात डोळे फसले तर गंमत वाटते. बाळाच्या बाबतीत ती चूक परवडणारी नाही. तिथे आकडाच हवा.