आपलं झाकून, दुसऱ्याचं वाकून

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण अर्धी वाचून कमेंटमध्ये भांडायला येऊ नका.

परवा आमच्या आकाशदर्शनाच्या ग्रुपवर एक मीम आलं. तुमच्याकडेही आलं असेल. सोनेरी षटकोनी आरशांची जेम्स वेब दुर्बीण, शेजारी हातात मॉप घेतलेल्या सफाईवाल्या मावशी, एक आरसा तडकलेला, आणि खाली ओळ: "साहेब, जरासा धक्का लागला." पाच मिनिटांत हसणाऱ्या इमोजींचा पाऊस पडला. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

मग एका निवृत्त सरांनी लिहिलं की शास्त्रज्ञांनी आयुष्यं घातलेल्या कामाची अशी थट्टा शोभत नाही. त्यावर एकाने विचारलं, "इस्रोवर असं मीम टाकायची हिंमत आहे का?" दुसरा म्हणाला टाकूनच बघ. शेवटी ॲडमिनने नेहमीप्रमाणे ग्रुप "फक्त ॲडमिन" करून टाकला.

म्हणून इथे लिहितोय. सरांचा पूर्ण आदर ठेवून सांगतो, थट्टा झालीच पाहिजे. आणि मीमवाल्या मित्राला सांगतो, गड्या, तू चुकीच्या माणसाची थट्टा केलीस.

अब्जावधी डॉलरच्या दुर्बिणी आणि उपग्रह माणसांच्या हातून खरोखर कसे खराब झाले, हे मी गेली काही वर्षं छंद म्हणून वाचतोय. मला माहीत असलेल्या एकाही मोठ्या प्रकरणात मॉपवाल्या मावशी नाहीत. एकाही नाही.

सुरुवात हबलपासून करू. २४ एप्रिल १९९० ला हबल डिस्कव्हरी यानातून वर गेली. दोन महिन्यांत लक्षात आलं की चित्रं धूसर येताहेत. २.४ मीटरच्या मुख्य आरशाची कड हवी त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासली गेली होती. म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पन्नासावा भाग. गंमत अशी की आरसा अप्रतिम घासला होता, फक्त चुकीच्या आकारात. आकार तपासायच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसलं होतं. का? तर अंतर मोजायचा लेझर एका दांड्याच्या टोकावर पडायला हवा होता. त्या टोकावर एक टोपण होतं, त्याचा काळा रंग थोडासा उडाला होता, आणि लेझर दांड्याऐवजी टोपणावरूनच परत आला. त्या मापाप्रमाणे भिंग बसवायला गेले तर ते हवं तेवढं सरकेना. अशा वेळी माणसाने थांबून विचार करावा की काहीतरी घोडं पेंड खातंय. त्यांनी वॉशर घातले. साधे वॉशर! आपल्याकडे पंख्याचा दांडा डुगडुगला की घालतात तसे.

इथपर्यंत हसा, काही हरकत नाही. पण पुढचं वाचा. त्याच कंपनीत, पर्किन-एल्मरमध्ये, त्याच आरशाच्या आणखी दोन चाचण्या वेगळ्या उपकरणांनी झाल्या होत्या आणि दोन्हींनी सांगितलं होतं की आरशात दोष आहे. त्या बाजूला सारल्या गेल्या. कारण काय, तर पहिलं उपकरण जास्त अचूक, म्हणून बाकीची दोन चुकीची असणार! सगळी दुर्बीण जोडून एकदा शेवटची पूर्ण तपासणी करायची, तर पैसे वाचवायला तीही केली नाही. आणि कळस म्हणजे कोडॅक कंपनीने पर्यायी म्हणून बनवलेला दुसरा आरसा बरोबर आकाराचा होता. तो वर गेलाच नाही. आज तो वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात ठेवलाय, लोक जाऊन बघतात.

आता सांगा, विनोद कोणावर व्हायला हवा? टोपणाचा रंग उडाला त्यावर, की "मला जे ऐकायचंय तेवढंच उपकरण अचूक" म्हणणाऱ्यांवर?

अमेरिकेत तेव्हा हबलवर चिक्कार विनोद झाले. १९९१ च्या 'नेकेड गन' मालिकेतल्या दुसऱ्या सिनेमात जगातल्या मोठमोठ्या फजितींच्या चित्रांमध्ये टायटॅनिक आणि हिंडेनबर्गच्या जोडीला हबल टांगली होती. हबल तेव्हा अंतराळात फिरत होती, काम करत होती, आणि खाली तिचा फोटो बुडालेल्या जहाजाशेजारी! नासाला ते झोंबलं असणार. पण कोणी "शास्त्रज्ञांचा अपमान" म्हणून सिनेमा बंद पाडला नाही. १९९० च्या नोव्हेंबरातच चौकशी समितीचा अहवाल बाहेर आला, त्यात ते टोपण, तो रंग, त्या बाजूला सारलेल्या चाचण्या, सगळं लिहिलेलं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर वर जाऊन हबलला जणू चष्मा लावून आले. मी आज मुलांना हबलची जी चित्रं दाखवतो ती बहुतेक त्या चष्म्यानंतरची.

दुसरं प्रकरण दुर्बिणीचं नाही, हवामानाच्या उपग्रहाचं आहे, पण सोडवत नाही. ६ सप्टेंबर २००३, शनिवार. कॅलिफोर्नियात सनीव्हेल इथे लॉकहीड मार्टिनच्या कारखान्यात नोआ-१९ उपग्रह उभ्याचा आडवा करत होते. उपग्रह ज्या तबकडीवर बसवतात ती गाडीला २४ बोल्टने घट्ट असते. त्या दिवशी २४ च्या २४ बोल्ट नव्हते. दुसऱ्या टीमने ते काढून नेले होते, नोंद केली नव्हती. उपग्रह कलला आणि तीन फुटांवरून धाडकन जमिनीवर. दुरुस्तीचा खर्च १३.५ कोटी डॉलर. त्याचा फोटो आहे, जरूर शोधा. लग्नाच्या मांडवात केकचं टेबल उलटल्यावर सगळे उभे असतात तसं वातावरण आहे.

बोल्ट आहेत की नाहीत हे तपासल्याची सही कागदावर होती. प्रत्यक्ष तपासलं नव्हतं, आधीच्या वेळेच्या भरवशावर सही ठोकली. आणि चौकशी अहवालात एक वाक्य आहे ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. तिथल्या एका तंत्रज्ञ पर्यवेक्षकाने बोलून दाखवलं होतं की भोकं रिकामी दिसताहेत. बाकीच्यांनी ते उडवून लावलं.

बघा, पुन्हा तेच. हबलमध्ये दोन उपकरणं ओरडत होती, इथे एक माणूस.

म्हणून मला ते मावशींचं मीम खटकलं. क्लीन रूममध्ये मॉप मारणारी बाई असो की पाना फिरवणारा पोरगा, अपघात म्हटला की आपल्या डोळ्यापुढे आधी हेच येतात. चोर सोडून संन्याशाला फाशी ही आपली जुनी खोड. सही करणारा साहेब मीममध्ये कधी नसतो. त्याचा चेहरा आपल्याला विनोदी वाटतच नाही!

आता ज्या वेबवरून एवढं रामायण झालं तिच्याबद्दल. वेबचा उन्हाचा पडदा टेनिस कोर्टाएवढा, पाच पदरी, एकेक पदर केसासारखा पातळ. २०१७ मध्ये घडी घालण्या-उघडण्याच्या सरावात त्याला सात ठिकाणी चिरा गेल्या. २०१८ मध्ये आवाजाची चाचणी घेतली, म्हणजे रॉकेटच्या गोंगाटात टिकते का ते बघितलं, आणि पडद्याच्या आवरणाचे स्क्रू आणि वॉशर सुटून खाली पडले. (पुन्हा वॉशर! या वस्तूवर कोणीतरी पीएचडी करा.) इंजिनाच्या झडपा चुकीच्या द्रावणाने धुतल्या, त्या खराब झाल्या. एके ठिकाणी वायर चुकीची जोडली आणि जास्त व्होल्टेज गेलं. स्वतंत्र समितीने हिशोब मांडला की अशा मानवी चुकांमुळे सुमारे ६० कोटी डॉलर आणि दीड वर्ष गेलं. कंपनीच्या प्रमुखाला अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बसून उत्तरं द्यावी लागली, तीही कॅमेऱ्यासमोर.

नोव्हेंबर २०२१ मध्ये फ्रेंच गयानात रॉकेटवर चढवायची तयारी चालू असताना दुर्बीण धरून ठेवणारा पट्टा अचानक सुटला आणि १००० कोटी डॉलरची दुर्बीण थरथरली. नासाने काय केलं? निवेदन काढून सांगितलं की पट्टा सुटला, तपासतोय, उड्डाण पुढे ढकलतोय. काही दिवसांत तपासून सांगितलं की इजा नाही. २५ डिसेंबरला ती गेली.

आज आपण जो विनोद करतो, "काय राव, स्क्रू पडला", तो करता येतो कारण स्क्रू पडला हे त्यांनीच छापलं. इतका नेमका विनोद करायला आधी कोणीतरी इतका नेमका अहवाल लिहावा लागतो. सर, माझं तुमच्याशी भांडण इथे आहे. तुम्ही म्हणता थट्टेने विज्ञानाची अप्रतिष्ठा होते. मला वाटतं ज्याच्यावर नेमकी थट्टा करता येते तिथलं दार निदान उघडं आहे.

जपान्यांचं उदाहरण तर काळजाला लागतं. क्ष-किरणांचा एक नाजूक मापक त्यांना अंतराळात चालवायचा होता. २००० मध्ये रॉकेटच फसलं. २००५ मध्ये दुसऱ्या उपग्रहावर थंडाव्याचं हेलियम उडून गेलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये हितोमी वर गेला, मापक चालला, ययाती तारकासमूहातल्या दीर्घिकांच्या गुच्छाचं सुंदर निरीक्षण मिळालं, आणि २६ मार्चला सगळं संपलं. उपग्रहाला वाटलं आपण फिरतोय. फिरत नव्हता. न फिरणारं फिरणं थांबवायला तो खरंच फिरू लागला. मग सावरायला छोटी इंजिनं सुरू झाली, पण त्यांच्यासाठी पाठवलेले आकडे चुकीचे होते, आणि ते वर पाठवण्याआधी नीट तपासले नव्हते. वेग वाढत गेला, सौरपंखे तुटून गेले. यावर विनोद सुचत असेल तर करा, मला सुचत नाही. पण काही महिन्यांत जपानी संस्थेने सगळा घटनाक्रम प्रसिद्ध केला आणि वरच्या साहेबांनी स्वतःच्या पगारात कपात करून घेतली. वरच्या, कळलं ना? आकडे टाइप करणाऱ्याच्या नव्हे. त्याच मापकाचा पुढचा अवतार २०२३ मध्ये वर गेला. त्याच्या तोंडावरचं झाकण अजून उघडलेलं नाही, तरी बिचारा झाकणाआडूनच काम करतोय.

आता इस्रोवाल्या मित्राकडे येतो. हिंमतीचा प्रश्न नाही रे. सामग्री दे, मी विनोद करतो.

७ सप्टेंबर २०१९ ला विक्रम चंद्रावर आदळला. आपण सगळे जागे होतो, सगळे रडलो. त्यानंतर समिती बसली. संसदेत लेखी उत्तर आलं, त्यात वेग ठरल्यापेक्षा जास्त कमी झाल्याचा उल्लेख होता. सविस्तर अहवाल मात्र लोकांपुढे आला नाही. नेमकं काय चुकलं, इंजिनांनी जास्त जोर कसा दिला, उतरायची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर एवढीच कशी ठेवली होती, हे इस्रोच्या अध्यक्षांनी मोकळेपणाने सांगितलं ते जुलै २०२३ मध्ये, चांद्रयान-३ उडायच्या तोंडावर. सांगितलं ते उत्तम सांगितलं, मी तीनदा ऐकलं. पण मध्ये चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत जो विचारेल तो देशद्रोही आणि जो मीम टाकेल तो विकृत.

याच इस्रोने ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही फसल्यावर कारण जाहीर केलं होतं: झडप गळत होती, हायड्रोजनच्या टाकीत दाब कमी पडला. म्हणजे येतं की सांगायला!

आणि हे काही दूरचं नाही. ॲस्ट्रोसॅटवरची क्ष-किरण दुर्बीण मुंबईत टीआयएफआरमध्ये घडली. आदित्य-एल१ वरची सूट दुर्बीण आपल्या पुण्यात, आयुकाच्या लोकांनी बनवली. आपल्या ओळखीपाळखीतली पोरं त्या क्लीन रूममध्ये काम करतात. उद्या त्यातल्या एखाद्याला भोकं रिकामी दिसली तर त्याने बोलावं की गप्प बसावं? वरिष्ठ म्हणतील, तू शहाणा का, सही झालीय. बाहेर आपण म्हणणार, शंका काढू नका, देशाची मान खाली जाते. आणि अपघात झालाच, तर मीममध्ये मॉप घेऊन तोच.

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून" असं आजी म्हणायची. दुर्बिणीला डोळा लावताना माणूस वाकतोच म्हणा.

आता स्वतःचं उघडं करतो. आमच्या मंडळाच्या आठ इंची दुर्बिणीच्या आरशावर एक ओरखडा आहे. चार वर्षं शाळेच्या पोरांना मी सांगत आलो की तो "कंपनीतूनच तसा आला". नाही. पन्हाळ्याच्या कार्यक्रमाआधी दव बसलं होतं, घाई होती, मी खिशातला रुमाल काढून आरसा पुसला. रुमालात सकाळच्या शेंगदाण्यांची टरफलं होती. तेव्हा एका सातवीतल्या मुलीने विचारलंही होतं, "काका, आरसा असा पुसतात का?" मी म्हणालो, तू गप्प बस, मला माहितीय.

शनिवारी ढग नसले तर नेहमीच्या मैदानावर साडेसातला शनी दाखवणार आहोत. ओरखडाही दाखवीन. मीमवाल्या मित्रा, फोटो काढ, ओळ तू लिही, फक्त चित्रात मॉपवाल्या मावशींच्या जागी मला टाक. आणि सर, तुम्हीही या, चहा माझ्याकडून.