'आमच्यावर प्रयोग नकोत' म्हणता? ते तर रोजच चालू आहेत!

'या आजाराच्या उपचारांवर अभ्यास चालू आहे, सहभागी व्हाल का?' असं विचारलं की बहुतेक नातेवाइकांचं उत्तर ठरलेलं असतं. 'नको डॉक्टर, आम्ही काय गिनिपिग आहोत का?' हीच मंडळी जरा अशक्तपणा वाटला की दवाखान्यात येऊन सांगतात, 'एक सलाईन लावून टाका, ताकद येईल.' ते सलाईन त्यांना प्रयोग वाटत नाही.

माझं मत याच्या नेमकं उलट आहे. ज्या उपचाराचा फायदा-तोटा कोणी मोजलेला नाही, तो घेणं हाच खरा प्रयोग. फरक एवढाच की त्यात नोंद ठेवली जात नाही, तुमची संमती कोणी घेत नाही आणि नुकसान झालं तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

महाडचा विंचू

कोकणात लाल विंचू चावला की माणसं दगावत. दरदरून घाम, हातपाय गार, रक्तदाब वाढलेला, मग फुप्फुसांत पाणी आणि मृत्यू. डॉक्टर हातावर हात ठेवून बसत नव्हते. स्टेरॉइड, अॅट्रोपिन, अॅलर्जीची इंजेक्शनं असं जे सुचेल ते मनापासून दिलं जात होतं. रुग्ण मात्र जातच होते.

रायगड जिल्ह्यात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, लक्षणं यांच्या नोंदी ठेवल्या. विंचवाच्या विषामुळे शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर प्रचंड ताण येतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग प्राझोसिन हे रक्तदाबाचं जुनं, स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिलं. ते निष्कर्ष १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. मृत्यू झपाट्याने कमी झाले. पुढे नुसतं प्राझोसिन बरं की त्याच्या जोडीला विंचवाची प्रतिविषाची लस द्यावी, याची तुलनाही त्यांनी महाडमध्येच ७० रुग्णांवर केली. दोन्ही मिळून दिल्यावर रुग्ण लवकर सावरतात, हे २०११ मध्ये समोर आलं.

आता सांगा, प्रयोग कुठे चालला होता? नोंदी ठेवण्याआधी की नंतर?

गडचिरोलीची बाळं

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. नवजात बाळ आजारी पडलं तर त्याला मोठ्या हॉस्पिटलातच हलवायला हवं, हा नियम. पण जिथे हॉस्पिटल नाही आणि रस्ताही नाही, तिथे काय करायचं? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना घरोघरी जाऊन बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तुलनेसाठी आणखी ४७ गावांतल्या जन्ममृत्यूंची नोंद ठेवली. तिसऱ्या वर्षी या ३९ गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. आज बाळंतपणानंतर आशाताई तुमच्या घरी येऊन बाळाचं वजन करतात, ताप पाहतात, त्यामागे हे संशोधन आहे. त्या गावांनी 'आमच्यावर प्रयोग नकोत' म्हटलं असतं तर?

आफ्रिकेने शिकवलेला धडा

आणि आता सलाईन. ताप आलेलं मूल शॉकमध्ये जात असेल, हातपाय गार पडले असतील, तर भराभर सलाईन सोडायचं, असं जगभरच्या पुस्तकांत लिहिलेलं होतं. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या डॉक्टरांनी विचारलं: आमच्याकडे आयसीयू नाही, व्हेंटिलेटर नाही, निम्म्याहून अधिक मुलांना मलेरिया आहे. इथेही हे लागू पडतं का? 'फीस्ट' नावाच्या या अभ्यासात ३,१४१ मुलं होती. निकाल २०११ मध्ये आला. ज्यांना भराभर सलाईन दिलं, त्यांच्यापैकी ४८ तासांत १०.५ टक्के दगावली. ज्यांना तसं दिलं नाही, त्यांच्यापैकी ७.३ टक्के. म्हणजे शंभरामागे तीन मुलं जास्त गेली, आणि तीही 'चांगल्या' समजल्या जाणाऱ्या उपचाराने. फरक दिसताच अभ्यास मुदतीआधी थांबवण्यात आला.

याचा अर्थ सलाईन वाईट असा नाही. जुलाब-उलट्यांची मुलं या अभ्यासात घेतलीच नव्हती. जुलाबाने कोरड्या पडलेल्या मुलाचा किंवा डेंगीच्या शॉकमधल्या रुग्णाचा जीव सलाईनने वाचतो. अर्थ एवढाच की लंडन-अमेरिकेतलं उत्तर मबालेला किंवा सुरगाण्याला तसंच्या तसं लागू पडेल असं गृहीत धरता येत नाही, ते तपासावं लागतं.

आणि 'ताकदी'चं म्हणाल, तर नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजवालं घेतलंत तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण एका भाकरीइतकीसुद्धा ऊर्जा नाही.

मग भीती खोटी आहे का?

नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्याला मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस अभ्यासाचा भाग म्हणून देण्यात आली. अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रावर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होतं. गरिबाच्या अज्ञानाचा फायदा घेणाऱ्याला मी संशोधक म्हणणार नाही.

पण त्यावर उपाय म्हणजे अभ्यासच नको असं म्हणणं नव्हे. रस्त्यावर अपघात होतात म्हणून आपण रस्ते बंद करत नाही. २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि चाचणीमुळे इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. हे नियम कागदावर राहू नयेत यासाठी प्रश्न विचारणारा रुग्ण हवा. नुसता नकार देणारा नको आणि मुकाट सही करणाराही नको.

आणि आपलं नाशिक?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या शहरात आहे. एमडी-एमएस होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. मग प्रश्न इथल्या मातीतले का नसावेत? पेठ-सुरगाण्यात रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावली, तर पहिल्या तासात काय केल्याने जीव वाचतो? द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या मजुराच्या शरीरावर दहा वर्षांत काय परिणाम होतो? आदिवासी पाड्यांवरच्या सिकलसेलच्या मुलांना औषध नियमित कसं मिळेल? महाडच्या विंचवाचं उत्तर महाडमध्ये सापडलं. आपल्या प्रश्नांची उत्तरं न्यूयॉर्कहून येणार नाहीत. ती यायची तर डॉक्टरांनी मोजायला हवं आणि तुम्ही मोजू द्यायला हवं. बरं वाटलं की फॉलोअपला न येणं सोपं असतं, पण तिथेच नोंद अर्धवट राहते.

पुढच्या वेळी कोणी अभ्यासात सहभागी व्हायला सांगितलं, तर हे विचारा:

- या अभ्यासातून काय शोधायचं आहे, ते मराठीत समजावून सांगाल का?
- मला कोणता उपचार मिळेल, आणि नाही म्हटलं तर कोणता?
- नैतिकता समितीची मंजुरी आहे का? तिचा फोन नंबर द्या.
- इजा झाली तर खर्च कोण करणार?
- मधूनच बाहेर पडलो तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील ना?

उत्तरं टाळली गेली तर सरळ उठून या. नीट मिळाली तर घरच्यांशी बोला आणि मग ठरवा. आणि अभ्यासाबाहेर जेव्हा कोणी तुम्हाला इंजेक्शन किंवा सलाईन सुचवेल, किंवा तुम्हीच ते मागाल, तेव्हाही एक प्रश्न जरूर विचारा: 'याने माझ्यासारख्या पेशंटला फायदा होतो, हे कोणी तपासलंय का?' त्या प्रश्नाचा राग येणारा डॉक्टर बदललेला बरा.