फोनशी कुठल्या भाषेत बोलता?

व्हॉइस असिस्टंट रोजच्या जगण्यात खरंच उपयोगाचा आहे का? माझं उत्तर, हो, आहे की. कामं छोटी छोटी आहेत, पण ती कुठल्या भाषेत सांगायची, हा प्रश्न सीमाभागातल्या आपल्या पिढीसाठी छोटा नाही.

आधी कामाचं बोलू. कणीक मळताना टायमर लावणं, पहाटेचा गजर, ‘बाबांना फोन लाव’ म्हणणं, हे तो चोख करतो. मोतीबिंदूमुळे ज्यांना स्क्रीन दिसत नाही, ज्यांची शाळा चौथीतच सुटली, त्यांना तर मोठाच आधार. आणि आपल्याला? कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेले आपले कितीतरी मित्र मराठी घडाघडा बोलतात, पण लिहायची वेळ आली की रोमन अक्षरांवर येतात. गुगलने २०१७ मध्ये मराठीत बोलून टाइप करायची सोय आणली. माइकचं बटण दाबून बोललं की देवनागरी उमटते. आपल्यासाठी फोनमधली सगळ्यात मोलाची सोय हीच, असं मला वाटतं.

घोडं अडतं ते पुढे. ज्या आवाजांवर यंत्राला शिकवलं, त्यांत वारंवार आलेल्या शब्दांकडेच ते झुकतं. ‘काय करत आहेस’ त्याला सहज कळतं, ‘काय करायलास’ म्हटलं की अडखळतं. येळ्ळूर, कंग्राळी, हिंडलगा ही नावं घेऊन बघा एकदा. अर्धं वाक्य मराठी, मध्ये कन्नड शब्द, शेवट इंग्रजीत, हे आपलं रोजचं बोलणं. बाजारात समोरच्याला ते लगेच कळतं, फोनला कळत नाही. धारवाडकडचे माझे कन्नड मित्रही हेच सांगतात. त्यांना फोनशी बोलताना बंगळूरची कन्नड आठवावी लागते. तेव्हा हा मराठी-कन्नड वाद नव्हे. प्रमाणभाषा आणि घरची बोली यांच्यातलं जुनंच भांडण आता यंत्रात शिरलंय.

मग आपण काय करतो? फोनची भाषा सरळ हिंदी नाहीतर इंग्रजी करून टाकतो. काम होतं. पण घरातलं लहान पोर हे बघत असतं. मराठी आज्जीशी बोलायची आणि कामाचं हिंदीत सांगायचं, असं त्याच्या डोक्यात बसतं. शाळेचा बोर्ड बदलला तर आपण बोलतो तरी. ही सवय कुणाच्या लक्षातही येत नाही.

राज्यशास्त्र शिकताना हक्क आणि सोय यांतला फरक नीट कळतो. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. तो हक्क. फोनमधली मराठी ही कंपनीने दिलेली सोय. उद्या काढून घेतली तर कुठल्या कलमाखाली दाद मागणार? अशी सोय टिकते ती वापरणाऱ्यांच्या संख्येवर. २०११ च्या जनगणनेत ८ कोटींहून जास्त लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली. गिऱ्हाईक म्हणून आपण काही लहान नाही.

म्हणून दोन कामं करा. एक, फोनच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, घरच्या मोठ्यांनाही जोडून द्या. दोन, मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ प्रकल्पात मराठी आहे. तिथे वाक्यं वाचून कुणालाही आपला आवाज देता येतो आणि तो साठा सगळ्यांसाठी खुला असतो. पुण्या-मुंबईच्या आवाजांसोबत खानापूर-निपाणीचेही त्यात असू देत. मात्र आपणहून आवाज देणं वेगळं आणि नकळत जाणं वेगळं. गुगल, ॲपल, ॲमेझॉन या कंपन्यांसाठी काही रेकॉर्डिंग माणसं ऐकत होती, हे २०१९ मध्ये उघड झालं. तेव्हा रेकॉर्डिंग साठवायची सेटिंगही तपासा, नको असेल तर बंद करा.

आणि फोनला कळलं नाही तर लगेच हिंदीवर उडी मारू नका. चुकलेला शब्द दुरुस्त करा, परत मराठीतच सांगा. चार वेळा सांगावं लागेल, लागू दे की.