‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणे पुरे!

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. आजोबा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, आजी चुलीवरचा भात विसरली, की घरातले हसून ही म्हण म्हणतात आणि विषय तेथेच संपतो. माझ्या मते ही म्हण शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही आणि तिच्यामुळे पुष्कळ नुकसान होते.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार, भारतात साठीच्या पुढील शंभर जणांपैकी सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे उरलेल्या त्र्याण्णव जणांना स्मृतिभ्रंश नाही! स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अल्झायमरचा रोग. जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये ज्या स्त्रीच्या मेंदूचे वर्णन केले, ती त्यांच्याकडे आली तेव्हा अवघी 51 वर्षांची होती. या रोगात मज्जापेशींच्या बाहेर अमिलॉइड नावाचे प्रथिन साचते, आत टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता होतो आणि पेशी मरू लागतात. लक्षणे दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी हे सुरू झालेले असते.

मग डॉक्टर हा रोग ओळखतात कसा? आरंभ यंत्राने होत नाही, तो प्रश्नांनी होतो. 1975 मध्ये अमेरिकेत तयार झालेली तीस गुणांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. आज तारीख कोणती, सांगितलेले तीन शब्द आठवतात का, एखादे वाक्य लिहिता येते का, असे त्यातील प्रश्न असतात. परंतु जी शाळेत कधी गेलीच नाही, तिने वाक्य कसे लिहावे? तिचे गुण कमी पडले तर दोष स्मृतीचा की परीक्षेचा? हा प्रश्न भारतीय संशोधकांनाही पडला आणि 1995 मध्ये हरियाणातील बल्लभगढ येथील कामातून निरक्षर वृद्धांसाठी हिंदी प्रश्नावली पुढे आली.

हाच विचार आपल्या किनाऱ्यावर करून पाहा. मुरूडच्या कोळीवाड्यातील एखाद्या आजीला इंग्रजी तारीख सांगता येणार नाही कदाचित. पण तिथी विचारा! तिथीला पाऊणने गुणले की भरती पूर्ण होण्याची वेळ साधारणपणे मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास. हा हिशेब जिच्या तोंडी आहे, तिची बुद्धी तारखेवरून कशी मोजणार? आणि उलट, हाच हिशेब तिला जमेनासा झाला, तर ती धोक्याची पहिली सूचना समजावी. परीक्षा माणसाच्या भाषेत आणि त्याच्या जगण्यातून घेतली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा 1904 पासून पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या नोंदी घेत आली आहे. क्षेत्र हळूहळू कोणीकडे सरकते आहे, हे एका दिवसाच्या नोंदीवरून कळत नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या म्हणजे कळते. स्मृतीचेही तसेच आहे. म्हणून डॉक्टर घरच्या माणसांना विचारतात : पूर्वी जमत होते आणि आता जमत नाही, असे काय आहे? केव्हापासून? एकाएकी झाले की हळूहळू?

त्यानंतर रक्ततपासणी होते. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा यांमुळेही विसर पडतो. मनाची खिन्नता, एखाद्या औषधाचा परिणाम किंवा पडल्यावर डोक्यात साचलेले रक्त हीही कारणे असू शकतात. डोक्यातील रक्त किंवा गाठ मेंदूच्या छायाचित्रणात दिसते. अल्झायमरची खूण रक्तात शोधणाऱ्या पहिल्या चाचणीला 2025 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण तीही लक्षणे दिसू लागलेल्यांसाठी आणि डॉक्टरांच्या तपासणीला जोड म्हणूनच.

“रोग बरा होतच नाही, तर लवकर कळून उपयोग काय?” असे कोणी विचारील. उपयोग आहे. वर सांगितलेली कारणे वेळीच सापडली तर बहुधा उपाय करता येतो. अल्झायमरच निघाला, तरी काही औषधांनी काही काळ लक्षणे सौम्य राहतात. अमिलॉइड काढून टाकणारी नवी औषधे तर आरंभीच्या अवस्थेतच देतात. ती रोगाची गती थोडी कमी करतात, मात्र मेंदूला सूज येण्याचा धोकाही असतो. शिवाय वाडी-जमिनीचे कागद, होडी एकट्याने नेणे थांबवणे, पुढे सांभाळ कोणी करायचा, हे सारे त्या माणसाला स्वतः समजून-उमजून ठरवता येते. उशीर झाला तर त्याच्या आयुष्याचे निर्णय दुसरेच घेतात.

विद्यार्थिमित्रांनो, किनाऱ्यावरील कितीतरी घरांत कमावती माणसे मुंबईला असतात आणि आजी-आजोबांच्या सोबतीला तुम्हीच असता. महिन्यातून एकदा येणाऱ्याला जे दिसत नाही, ते तुम्हाला रोज दिसते. ओळखीचे नाव क्षणभर आठवले नाही आणि मागाहून आठवले, तर घाबरू नका. परंतु नेहमीची वाट चुकली, रोजचा हिशेब बिघडला, तेच ते पुन्हा विचारले जाऊ लागले, तर हसू नका. दिवस आणि प्रसंग वहीत टिपून ठेवा, घरातील मोठ्यांना सांगा आणि ती वही घेऊन त्यांना डॉक्टरांकडे जायला लावा. निदान डॉक्टरांनी करायचे असते; पण त्यांना लागणारी पहिली नोंद तुमच्याच हातची असू शकते.