लोथलच्या दालनात महाराष्ट्राने काय मांडावे?

गुजरातमधील लोथल येथे राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभारण्याच्या प्रस्तावास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. हडप्पाकालीन गोदीच्या शेजारी (ती गोदी होती की तलाव, हा विद्वानांचा वाद येथे बाजूला ठेवतो) चौदा दालनांचे संग्रहालय, दीपगृह आणि पुढील टप्प्यात किनारपट्टीवरील राज्यांची स्वतंत्र दालने अशी ही योजना आहे. राज्यांची दालने त्या त्या राज्याने स्वतः उभारावयाची आहेत आणि तो टप्पा निधी उभा राहिल्यानंतरचा आहे. म्हणजे महाराष्ट्राला विचार करण्यास अवधी आहे. शासनव्यवहारात अवधी असणे हेही कधी कधी धोक्याचेच ठरते. वर्षानुवर्षे कोणी विचार करीत नाही, अखेरच्या महिन्यात एखाद्या सल्लागार कंपनीचे सादरीकरण होते आणि तेच धोरण म्हणून मंजूर होते.

दिल्ली-नोएडाकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना हा विषय परका वाटू नये. मालवणला जाण्याचा योग दोन-चार वर्षांतून एकदा येतो. अहमदाबाद मात्र दिल्लीहून एका रात्रीच्या प्रवासाचे. इकडे वाढणाऱ्या आपल्या मुलांना समुद्राकाठचा महाराष्ट्र पहिल्यांदा कदाचित लोथललाच भेटेल. रायगड आणि प्रतापगड त्यांनी निदान ऐकलेले असतात. सोपारा, कल्याण, चौल ही नावे त्यांच्या कानावर गेलेली नसतात, आणि गेलीच तर लोकल गाडीच्या स्थानकांमुळे.

त्या दालनात काय येईल याचा अंदाज बांधणे अवघड नाही. सिंधुदुर्गाची प्रतिकृती, एक भव्य पुतळा, ध्वनिप्रकाशाचा खेळ. यात गैर काहीच नाही. १६६४ साली भर समुद्रातील बेटावर किल्ला बांधावयास घेणे हा त्या काळातील राज्यकर्त्यांमध्ये दुर्मिळ असा दूरदृष्टीचा निर्णय होता. २०२२ मध्ये नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवमुद्रेपासून स्फुरलेला अष्टकोन आला आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत बारा किल्ले गेले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग आहेत. अभिमान रास्तच आहे. परंतु बंदराची ओळख तोफांइतकीच जकातीच्या वह्यांतून घडते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विसरता येत नाही.

कान्होजी आंग्रे यांचेच उदाहरण घ्यावे. इंग्रजांच्या कागदपत्रांत ते चाचे आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत शूर सरखेल. दोन्ही चित्रांतून मूळ मुद्दा निसटतो. कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, अशी आंग्र्यांची मागणी होती. पोर्तुगीज हेच काम दोनशे वर्षे कार्ताझ नावाच्या परवान्याने करीत आले होते आणि ईस्ट इंडिया कंपनीही हिंदी व्यापाऱ्यांना आपले परवाने देत होती. भांडण समुद्रावर कर बसविण्याचा अधिकार कोणाचा, याचे होते. ज्याचा अधिकार मान्य झाला त्याची वसुली महसूल ठरली, ज्याचा झाला नाही त्याची लूट. दालनात दस्तक, कार्ताझ आणि कंपनीचा परवाना असे तीन कागद एका काचेखाली ठेवले, तर शाळकरी मुलालाही राज्यसत्ता म्हणजे काय ते दहा मिनिटांत कळेल. तोफेची प्रतिकृती हे सांगू शकणार नाही.

आणि १७५६ साल वगळता कामा नये. त्या वर्षी फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. समुद्रातून ॲडमिरल वॉटसनची जहाजे होती, क्लाईव्ह बरोबर होता, आणि जमिनीवर पेशव्यांची फौज. पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत प्रबळ एतद्देशीय आरमार बुडविण्यास नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे साह्य घेतले. तुळाजी जुमानत नव्हता, शेजाऱ्यांना छळत होता, हे सर्व खरे मानले तरी किंमत पाहावी: पुढल्याच वर्षी तेच वॉटसन आणि क्लाईव्ह बंगालमध्ये होते. राज्याचे दालन असल्यामुळे हा प्रसंग 'वादग्रस्त' म्हणून टिपणीतच गळेल, अशी मला भीती वाटते. तो गळला तर मराठी आरमार गेले कुठे, या मुलांच्या साध्या प्रश्नाला दालनात उत्तर राहणार नाही.

मूळ वस्तू मिळतील का, असे कोणी विचारील. बोरिवलीजवळ एकसर येथे समुद्रयुद्धाची शिल्पे कोरलेले मध्ययुगीन वीरगळ आजही उभे आहेत. वल्ह्यांच्या नौकांच्या रांगा त्यांवर स्पष्ट दिसतात. ते उचलून लोथलला नेऊ नयेत. उत्तम ठसे घ्यावेत आणि मूळ जागी त्यांचे रक्षण करावे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेले, १८१७ साली पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत्या संग्रहालयाच्या रूपात जतन झाले आहे. दोनशे वर्षांपूर्वीचे मुंबईचे जहाज पाहावयाचे तर इंग्लंडला जावे लागते.

याचे कारण प्रशासकीय आहे. १९७१ च्या युद्धात कामगिरी बजावलेली 'विक्रांत' १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, सुरक्षेच्या कारणावरून २०१२ मध्ये बंद झाली आणि २०१४ मध्ये सुमारे साठ कोटी रुपयांना भंगारात गेली. तिच्या पोलादाची पुढे मोटरसायकल निघाली. 'विराट'साठी राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये निवती येथे ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. २०२० मध्ये ती अलंगला ओढून नेली गेली. उलट विशाखापट्टणमला 'कुरसुरा' ही पाणबुडी २००२ पासून समुद्रकिनारी संग्रहालय होऊन बसली आहे. विमानवाहू जहाजापेक्षा पाणबुडी लहान, हे मान्य. पण तिचा सांभाळ स्थानिक विकास प्राधिकरणाकडे सोपविला गेला होता. तिला एक घर मिळाले. आपल्याकडे संस्कृती, पर्यटन, बंदरे आणि संरक्षण यांच्या मधल्या जागेत जहाज गंजत राहते. उद्घाटनाचा भांडवली खर्च मंजूर करून घेणे सोपे असते. दरवर्षीच्या रंगकामाचा, पहारेकऱ्याचा, विजेच्या देयकाचा महसुली खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, हे फाइलवर कोणी विचारीत नाही. लोथलच्या दालनाचा प्रस्ताव येईल तेव्हा निदान वित्त विभागाने तरी हा प्रश्न आधी विचारावा.

बंदराची एक दुसरी बाजूही मांडावयास हवी. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराने देशाच्या कंटेनर व्यापाराचे स्वरूप बदलले. त्या बंदरासाठी शेवा गावच्या कोळ्यांना उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसविण्यात आले. तेथील घरे वाळवीने पोखरली आणि पुन्हा पुनर्वसन करा, ही मागणी दशकानुदशके चालू राहिली. आता पालघर जिल्ह्यात ७६,००० कोटींहून अधिक खर्चाचे वाढवण बंदर होत आहे. १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने येथील बंदर नाकारले होते. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने संमती दिली. मच्छीमारांचा विरोध त्या आधीही होता आणि नंतरही राहिला. देशाला खोल पाण्याचे बंदर हवे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र ज्यांच्या मासेमारीच्या जागा त्यात जातात त्यांची नोंद मोबदल्याच्या तक्त्यापलीकडे कोठेच होत नाही.

हे काम करावयास नवी संस्था नको. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेल्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांच्या गॅझेटियरांत तेथील कोळी, गलबते, बंदरे यांची बारीक माहिती आहे आणि ती आजही आपल्याला उपयोगी पडते. राज्याचा दर्शनिका विभाग अस्तित्वात आहे. त्याच्या दोन-तीन माणसांनी ध्वनिमुद्रक घेऊन उरणला आणि डहाणूला जावे, जाळ्यांची, वाऱ्यांची, माशांच्या जागांची नावे वृद्ध कोळी-कोळिणींकडून उतरवून घ्यावीत. शेव्याचे घर सोडताना जी माणसे तरुण होती ती आता साठी-सत्तरीत आहेत.